डॉक्टरांशी बोलताना : नैराश्याची औषधे आणि रुग्णाचा प्रश्न

बाह्यरुग्ण विभागात सर्वांत अधिक वेळा ऐकू येणारे उत्तर 'बरं आहे' हे होय. डॉक्टर विचारतात, 'कसं काय आहे आता ?' आणि समोर बसलेला रुग्ण व त्याच्यामागे उभे असलेले नातेवाईक एकदमच म्हणतात, 'बरं आहे, साहेब.' तापाच्या रुग्णाने असे म्हटले तर फारसे बिघडत नाही, कारण ताप मोजता येतो. रक्तदाबाचेही तसेच आहे. नैराश्याचा आजार मात्र रक्ताच्या तपासणीत उमटत नाही आणि क्ष-किरणाच्या चित्रातही दिसत नाही. त्याविषयी जे कळावयाचे ते रुग्णाच्या व घरच्यांच्या बोलण्यातूनच. रुग्णाने 'बरं आहे' म्हटले की मागचीच चिठ्ठी पुन्हा लिहिली जाते. घरी गेल्यावर मात्र तोच रुग्ण सांगतो की गोळी घेतल्यापासून मळमळते, म्हणून आठ दिवसांपासून ती बंदच आहे.

न बोलण्याची कारणे सर्वांना ठाऊक आहेत. डॉक्टरांविषयी आदर असतो. 'आपण अडाणी, आपण काय विचारणार' हा संकोच असतो. प्रश्न विचारला तर साहेब रागावतील आणि पुढच्या वेळी नीट पाहणार नाहीत, अशी धास्तीही असते. सेनगाव किंवा औंढा नागनाथ तालुक्यातील खेड्यातून आलेल्या कुटुंबाचे अर्धे लक्ष परतीच्या एस.टी.कडे लागलेले असते. रोजगार बुडालेला असतो. बाहेर पंचवीस माणसे खोळंबलेली दिसतात. अशा वेळी मनातले दुःख उलगडून सांगणे कोणालाही अवघडच वाटेल. तरीही ज्या जिल्ह्यात नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते, तेथील माणसाला थोरामोठ्यांपुढे गप्पच बसावे असे कोणी शिकविलेले नाही. नामदेवराय प्रत्यक्ष विठ्ठलाशी रुसत असत, भांडत असत, त्याला जाब विचारीत असत. डॉक्टरांना दोन प्रश्न विचारणे त्यामानाने पुष्कळच सोपे म्हणावयाचे.

आपल्याकडे नैराश्य हे नैराश्य म्हणून दवाखान्यात येतच नाही. ते डोकेदुखी होऊन येते, छातीतील धडधड, हातापायांच्या मुंग्या, न जाणारा थकवा किंवा उडालेली झोप होऊन येते. 'करमत नाही', 'कशातच जीव लागत नाही', 'अन्न गोड लागत नाही' ही वाक्ये घरात बोलली जातात, डॉक्टरांपुढे नाहीत. वास्तविक निदानासाठी तीच सर्वांत मोलाची. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ रोजच मन खिन्न असणे, ज्यात पूर्वी रस वाटे त्यातील रस जाणे, झोप व भूक बिघडणे, स्वतःला कमी लेखणे, लक्ष न लागणे आणि जगणे नकोसे वाटणे ही या आजाराची लक्षणे आहेत. ती डॉक्टरांना त्याच घरगुती शब्दांत सांगावीत. 'डिप्रेशन' हा शब्द रुग्णाने स्वतः वापरलाच पाहिजे असे नाही.

आजाराचा पसारा लहान नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे आढळले की, सुमारे वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्याचा आजार झालेला असतो आणि अशा रुग्णांपैकी शंभरातील पंच्याऐंशी जणांना उपचार मिळत नाहीत. या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला, कापूस, सोयाबीन व हळदीच्या भावावर ज्याचे वर्ष ठरते असा आपला जिल्हा याला अपवाद असेल, असे मानण्यास कोणताही आधार नाही. राज्यातील जुनी शासकीय मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. हिंगोलीच्या माणसाला चारही दूरच. म्हणूनच जवळच्या डॉक्टरांशी होणारे पाच-सात मिनिटांचे बोलणे हाच येथील बहुतेकांचा मानसोपचार असतो, आणि ती मिनिटे वाया जाऊ नयेत यासाठी हा लेखनप्रपंच.

गोळीविषयी विचारावयाचे ते काय ?

नैराश्यावरील औषधांचा इतिहासच मुळी रुग्णाचे ऐकण्यातून सुरू झाला. स्वित्झर्लंडमधील रोलँड कून या मनोविकारतज्ज्ञांच्या रुग्णालयात इमिप्रामिन हे औषध प्रथम निराळ्याच मानसिक आजारासाठी वापरून पाहिले गेले आणि तेथे ते निष्फळ ठरले. नंतर नैराश्याच्या रुग्णांना ते दिल्यावर त्यांच्या वागण्याबोलण्यात पडलेला फरक कून यांच्या ध्यानी आला आणि १९५७ साली त्यांनी तो प्रसिद्ध केला. पुढे फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एसिटॅलोप्रॅम अशी तुलनेने सुरक्षित औषधे आली. आज बहुधा यांपैकीच एखादे चिठ्ठीवर असते.

या गोळ्यांचा स्वभाव डोकेदुखीच्या गोळीसारखा नाही. गुण येण्यास साधारणपणे दोन ते चार आठवडे लागतात, कधी त्याहूनही अधिक. त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतो : मळमळ, डोके दुखणे, जुलाब, घाम, अस्वस्थता, झोपेत बिघाड. म्हणजे सुरुवातीचे काही दिवस रुग्णाच्या पदरी केवळ त्रासच पडतो. ही एक गोष्ट आधी सांगितली नाही, तर 'औषध मला सोसत नाही, मला उष्ण पडते' असा निष्कर्ष काढून रुग्ण ते सोडून देतो आणि त्यात त्याचा दोष आहे असे म्हणता येत नाही. यातील बराचसा त्रास एक-दोन आठवड्यांत ओसरतो. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे : 'साहेब, गुण यायला किती दिवस लागतील ? तोपर्यंत काय त्रास होऊ शकतो ? कोणता त्रास झाला तर थांबायचे नाही, लगेच यायचे ?'

शेवटचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. पंचवीस वर्षांखालील तरुणांमध्ये औषधाच्या प्रारंभीच्या आठवड्यांत अथवा मात्रा बदलल्यावर क्वचित मनातील अस्वस्थता व आत्मघाताचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याविषयी २००४ साली लहान मुलांसाठी व २००७ साली तरुणांसाठी ठळक इशारा देण्यास कंपन्यांना भाग पाडले. याचा अर्थ तरुणांना औषध देऊच नये असा नाही. उपचाराविना राहिलेला आजार अधिक घातक असतो. अर्थ इतकाच की, या काळात घरच्यांनी जवळ असावे, लवकर फेरभेट ठरवून घ्यावी आणि येरझाऱ्या, चिडचिड, रात्ररात्र जागरण असे काही दिसताच तारखेची वाट पाहू नये. शेतकरी कुटुंबांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. फवारणीची औषधे आणि घरातील सर्व गोळ्या कुलपात ठेवाव्यात व किल्ली दुसऱ्या कोणाच्या हाती असावी. 'तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का ?' असे विचारल्याने तो विचार नव्याने रुजतो, ही समजूत चुकीची आहे. विचारावे. उत्तर होकारार्थी आले तर माणसाला एकटे सोडू नये व त्याच दिवशी डॉक्टरांकडे आणावे. शासनाची 'टेली-मानस' ही निःशुल्क दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते व तीवर मराठीत बोलता येते.

याउलट एखाद्या रुग्णास पूर्वी कधी विलक्षण उत्साहाचे दिवस येऊन गेले असतील, म्हणजे झोप नसतानाही थकवा नाही, अखंड बडबड, हात सैल सोडून खर्च, मोठमोठे बेत, तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. असे नैराश्य हे द्विध्रुवी आजाराचा भाग असू शकते आणि त्यात केवळ नैराश्याची गोळी दिल्यास उन्माद उफाळू शकतो. ही माहिती रुग्णाला स्वतःला आठवत नाही. ती भाऊ, पत्नी किंवा आई यांच्याकडे असते.

काही गोष्टी बोलावयास जड जातात. या गटातील अनेक औषधांनी कामेच्छा कमी होते किंवा शरीरसंबंधात अडचण येते. हा परिणाम दुर्मीळ नाही, आणि औषध गुपचूप बंद करण्याचे ते एक मोठे कारण आहे. पुरुष ते सांगत नाहीत, स्त्रिया तर नाहीच नाहीत. 'डॉक्टर, या गोळीने संसारात अडचण येते आहे' एवढे एक वाक्य पुरे होते. पुढील प्रश्न डॉक्टर विचारतील. मात्रा कमी करणे, औषध बदलणे असे मार्ग असतात. दारूचेही तसेच. पिणे चालू असेल तर ते लपविल्याने उपचाराचा हिशेबच चुकतो. वैदूचे चूर्ण, आयुर्वेदिक काढा, गुडघ्यासाठी रोज घेतली जाणारी वेदनाशामक गोळी, ट्रॅमॅडॉल, रक्त पातळ करणारी औषधे, हे सारे सांगावे. कारण नैराश्याच्या काही गोळ्यांबरोबर त्यांचा मेळ बसत नाही व रक्तस्राव किंवा इतर धोका वाढू शकतो. दिवस गेले असतील अथवा मूल अंगावर पीत असेल तर तेही सांगावे; पण त्या भीतीने स्वतःहून औषध तोडू नये. उतारवयातील माणसाला गोळी सुरू झाल्यावर एकाएकी गोंधळल्यासारखे झाले, तर रक्तातील सोडियम तपासावे लागते.

झोपेच्या गोळ्यांविषयी स्पष्टच लिहिणे बरे. अल्प्राझोलॅम, क्लोनाझेपॅम यांसारख्या गोळ्यांनी पहिल्याच रात्री बरे वाटते, आणि म्हणूनच रुग्णाचा त्यांवर अधिक विश्वास बसतो. त्या नैराश्य बरे करीत नाहीत. काही आठवड्यांपुरत्या त्या उपयोगी असतात. महिनोन्महिने घेतल्यास त्यांची सवय जडते. चिठ्ठीवर दोन गोळ्या असतील तर 'यातली आजाराची कोणती आणि झोपेची कोणती ? झोपेची कधी बंद करायची ?' हे विचारून घ्यावे. जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षे झोपेचीच गोळी नेणारे रुग्ण कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटतात, आणि खरी गोळी केव्हाच बंद झालेली असते.

बरे वाटू लागले की गोळी सोडण्याची घाई होते. पहिल्या खेपेस पूर्ण बरे वाटल्यानंतरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवावे लागते. आजार वारंवार होत असेल तर अधिक काळ. बंद करतानाही ते हळूहळू, मात्रा उतरवीत बंद करावयाचे असते. एकदम तोडल्यास भोवळ, चिडचिड, डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना असे त्रास होतात आणि रुग्णाला वाटते की गोळीचे व्यसनच लागले. गोळी न परवडणे हेही तोडण्याचे एक कारण असते आणि ते सांगण्यात लाज नाही. त्याच औषधाचा स्वस्त जेनेरिक पर्याय बहुधा मिळतो. डॉक्टरांना किंमत विचारली तरच ते तसा विचार करतील.

आणि चार-सहा आठवडे नियमित घेऊनही गुण आला नाही तर ? तर तसे म्हणावे. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने सुमारे एक तृतीयांश रुग्णांनाच पूर्ण आराम पडला होता. म्हणजे पहिली गोळी लागू न पडणे ही रोजचीच गोष्ट आहे. त्यात डॉक्टरांचा कमीपणा नाही आणि रुग्णाचाही नाही. मात्रा वाढविणे, औषध बदलणे, समुपदेशनाची जोड देणे, थायरॉइड, रक्तक्षय वा बी-१२ यांची तपासणी करणे, असे पुढचे मार्ग खुले असतात. एक गोष्ट प्रामाणिकपणे नमूद केली पाहिजे. 'मेंदूतील सेरोटोनिन कमी झाले म्हणून नैराश्य आले' हे पूर्वी सर्रास दिले जाणारे स्पष्टीकरण आज तितकेसे ग्राह्य राहिलेले नाही; २०२२ साली लंडनच्या संशोधकांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन त्यास भक्कम पुरावा नसल्याचे दाखविले. औषधे उपयोगी पडतात की नाही हा प्रश्न त्याहून निराळा आहे, आणि मध्यम व तीव्र नैराश्यात ती अनेकांना उपयोगी पडतात. सौम्य आजारात मात्र गोळीविना, केवळ बोलण्याच्या उपचाराने भागेल का, हा प्रश्न रुग्णाने विचारण्यासारखाच आहे.

बोलावे कसे ?

घरून निघताना कागदावर तीन ओळी लिहून घ्याव्यात : गेल्या वेळेपासून काय सुधारले, काय बिघडले, आणि आज काय विचारावयाचे आहे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून लिहून घ्यावे. गोळ्यांची रिकामी पाकिटे पिशवीत टाकावीत. नाव सांगण्यापेक्षा पाकीट दाखविणे सोपे. खोलीत शिरताच सर्वांत महत्त्वाची गोष्ट पहिल्यांदा सांगावी; ती उंबरठ्यावरून परतताना सांगावयाची राहिली की राहूनच जाते. गोळ्या चुकल्या असतील तर किती चुकल्या ते सांगावे. डॉक्टरांनी सांगितलेले शेवटी आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवावे : 'म्हणजे ही सकाळी जेवून, ही रात्री अर्धी, आणि तीन आठवड्यांनी यायचे, बरोबर ना ?'

सोबत आलेल्या नातेवाइकांसाठी दोन शब्द. सुनेला घेऊन आलेल्या सासूबाई, वडिलांना घेऊन आलेला मुलगा, हे सर्व काळजीपोटीच बोलत असतात. पण प्रश्न रुग्णाला विचारलेला असताना उत्तर त्यांनी देऊ नये. 'काही नाही साहेब, उगीच विचार करते' या एका वाक्याने पुढचे सारे बोलणे मिटते. घरातील त्रास, मारहाण, कर्ज यांविषयी माणूस घरच्यांसमक्ष बोलू शकत नाही. 'मला दोन मिनिटे एकटीला बोलायचे आहे' असे म्हणण्याची मुभा प्रत्येक स्त्रीला आहे, आणि ते ऐकून बाहेर थांबणे हे सोबतच्या माणसाचे काम आहे.

रुग्णाच्या बाजूने कायदा

प्रश्न विचारणे ही आता केवळ डॉक्टरांच्या सौजन्यावर सोपविलेली बाब राहिलेली नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत साखळदंडांनी बांधलेले अठ्ठावीस मनोरुग्ण होरपळून मेले. ते ओरडले तरी सोडविणारे कोणी नव्हते. तेव्हापासून मानसिक आरोग्यसेवेच्या दर्जाचा प्रश्न देशापुढे सातत्याने आला. आपल्या राज्यात पुण्याच्या बापू ट्रस्टने, विशेषतः त्याच्या संस्थापक भार्गवी दावर यांनी, उपचार घेणाऱ्यांचा आवाज ऐकला जावा यासाठी १९९९ पासून काम केले. दावर यांनी आपल्या आईला मानसिक रुग्णालयांत काय भोगावे लागले ते बालपणी पाहिले होते. २०२४ साली त्यांचे निधन झाले. त्यांची सर्वच मते सर्व डॉक्टरांना पटत असत असे नाही. परंतु ज्याच्यावर उपचार होतो त्याला विचारल्याशिवाय उपचाराचा दर्जा ठरविता येत नाही, हे त्यांचे म्हणणे खोडून काढणे कठीण आहे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. आजाराचे स्वरूप, योजलेले उपचार व औषधांचे ज्ञात दुष्परिणाम यांची माहिती रुग्णाला समजेल अशा भाषेत मिळविण्याचा अधिकार त्यात आहे. आजाराविषयी गुप्तता राखली जाण्याचा, स्वतःचे वैद्यकीय कागदपत्र पाहण्याचा, आणि आपण निर्णय घेण्याच्या स्थितीत नसू तेव्हा कसे उपचार व्हावेत व कोणी प्रतिनिधी असावे हे आधीच लिहून ठेवण्याचाही अधिकार आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे हा कायदा गृहीत धरतो. पोलिसांच्या भीतीने अशा माणसाला दवाखान्यात आणण्यास विलंब लावू नये.

सेवेत उणीव वाटल्यास प्रथम त्या आस्थापनेच्या प्रमुखाकडे, समाधान न झाल्यास मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे व त्यानंतर राज्य प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. सर्वसाधारण वैद्यकीय सेवेबाबत सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्येच निर्णय दिला की, पैसे घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्याखाली येते. जेथे काही रुग्ण पैसे देतात व काही मोफत पाहिले जातात तेथे मोफत रुग्णही त्या संरक्षणाबाहेर नाहीत. धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांनी हे वाक्य दोनदा वाचावे. रुग्णाने मागणी केल्यास त्याचे कागदपत्र ७२ तासांत द्यावेत, असे वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात.

तरीही आमचे मत असे की, तक्रारीचा अर्ज ही शेवटची पायरी असावी. नव्याण्णव वेळा 'साहेब, मला नीट समजले नाही, पुन्हा सांगता का ?' एवढ्याने काम होते. डॉक्टर बदलणे हाही मार्ग आहे आणि तो कृतघ्नपणा नव्हे. फक्त जाताना जुनी चिठ्ठी घेऊन जावी.

शेजारच्या विदर्भातील एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प राबविला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याविषयी घरोघर बोलणे सुरू केले, त्यांच्या मदतीस प्रशिक्षित समुपदेशक दिले आणि गरजूंसाठी मनोविकारतज्ज्ञ. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालानुसार, नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत शंभरात ४.३ वरून २७.२ वर गेले. तुलनेसाठी वेगळी गावे नव्हती, त्यामुळे सारे श्रेय प्रकल्पालाच देता येणार नाही. परंतु गोव्यात आधी झालेल्या अभ्यासांतही डॉक्टर नसलेल्या, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या माणसांचा नैराश्याच्या उपचारात उपयोग होतो हे दिसले होते. सरकारी आरोग्य केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्यांच्या मदतीने अधिक प्रमाणात आराम पडला. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही.

देणगीदार मंडळी रुग्णालयास यंत्र देतात, खाट देतात, त्यावर नाव कोरले जाते, आणि ते योग्यच आहे. मानसिक आजाराच्या उपचाराला लागणाऱ्या वस्तू मात्र डोळ्यांत भरणाऱ्या नसतात : दार बंद होईल अशी एक खोली, डॉक्टरांच्या आधी रुग्णाशी वीस मिनिटे मराठीतून बोलणारी एक समुपदेशक, फेरभेटीला न आलेल्यांना दूरध्वनी करणारा एक कर्मचारी, आणि पावसाळ्यात, हातात पैसा नसताना, सहा महिन्यांची गोळी खंडित होऊ नये एवढा औषधसाठा. हिंगोलीत २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. पुढील काही वर्षांत तज्ज्ञांची वानवा कमी होईल अशी आशा वाटते. तोपर्यंत, पुढच्या भेटीला येताना तीन ओळींचा तो कागद व गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत, आणि 'बरं आहे' असे म्हणण्यापूर्वी तो कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवावा.